तांबडं फुटेपर्यंत

पोत्यांतून येतं तांबं सान्ता क्लारात.
डोंगरातलं केव्हाच संपलं,
आता मोटारींची जळकी वेटोळी येतात, पिचलेले नळ येतात,
आणि या खेपेला
राजधानीत मोडीत निघालेल्या टेलिफोन केंद्राच्या केबली,
मनगटाएवढ्या जाड,
आत केसांसारख्या तारा.

सोलायचा कंटाळा, म्हणून फेर्मीननं गुंडाळीच पेटवली.
ज्योत पोपटी झाली, मग मोरपिशी.
अंगणातली पोरं टाळ्या पिटायला लागली.
"तांबं आणि क्लोरीन," मी म्हणाले.
मोरेलियात तीन वर्षं शिकले त्यातलं
एवढंच त्या दुपारी उपयोगी पडलं.
तातांनी आगीवर बादली ओतली
आणि फेर्मीनच्या कानाखाली लगावली,
पोरांदेखत.
एकोणिसाव्या वर्षी.

तातांना ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं पाच घणांच्या घोळक्यात उभं राहून
कुणाला येणार?
आवाज झाला का एवढा, हे त्यांना माहीतच नसेल.

एक हजार पंच्याऐंशी अंश, मी वहीत लिहिते.
ताता मुशीत डोकावतात, बाजूला थुंकतात: झालं.
राखेनं सारवलेल्या खड्ड्यात ओततात,
जाड भाकरीसारखी चकती बसते,
कडेनं सुरकुतत, काळवंडत.

मग घण.
तांबं मोठं समजूतदार. पसरतं, वाकतं,
सांगाल तिकडे जातं, तुटत नाही.
पण शे-दीडशे ठोके खाल्ले की अडून बसतं.
घण उसळून परत येतो, कोपरापर्यंत झिणझिण्या.
आत अणूंच्या ओळी एकमेकींच्या वाटेत अडकल्यात,
फळा दिलात तर काढून दाखवीन.
ताता म्हणतात, थकलं.
निजवा त्याला.

निजवायचं म्हणजे पुन्हा जाळात,
पाइनच्या निखाऱ्यांवर, दार लोटून,
कारण उजेडात तो रंग कळत नाही.
तांबडं फुटलं की बाहेर. लगेच पाण्यात.
लोखंड अशा वेळी ताठ होतं. हे होत नाही.
काळी खपली उडते आणि खाली
नुकत्या न्हालेल्या बाळासारखं गुलाबी,
बोटानं चेपेल असं.

एका हंड्याला एकेचाळीस वेळा. मी मोजलंय.

तीन दिवस फेर्मीन आला नाही.
चार घण पडत राहिले
आणि पाचव्याची मोकळी जागा.
ऐकू येत नाही, पण ती जागा
तातांच्या टाचांना कळत होती,
दर खेपेला चिमटा किंचित उशिरा फिरायचा.

रात्री पाटीवर लिहिलं मी त्यांना:
या तारांतून किती माणसं बोलली असतील.
त्यांनी बोटानं वर उभं प्रश्नचिन्ह काढलं:
उरलंय काही?
नाही, लिहिलं मी.
एका अणूमागे एक सैल इलेक्ट्रॉन, तो नुसता सरकतो,
वीज जाते, मागं खूण नाही.
मग पुसून, बारीक अक्षरात,
ठोका मात्र राहतो.
ताता बराच वेळ पाटीकडे बघत राहिले.
चुलीवरची डाळ करपली.

चौथ्या दिवशी, अजून धुकं होतं,
फेर्मीन दारात. काही बोलला नाही.
भिंतीचा घण उचलून आपल्या जागेवर उभा राहिला,
आणि तातांनी, त्याच्याकडे न बघता,
ऐरणीवरचं पातं चिमट्यात धरून
सरळ निखाऱ्यांत सरकवलं.

जेमतेम वीस ठोके झाले होते.
थकलं नव्हतं अजून.
तरी आम्ही सगळे दार लोटून
अंधारात उभे राहिलो.